डाळिंबाचे जनुकसंच संशोधन

डाळिंबाचे जनुकसंच संशोधन म्हणजे डाळिंब (शास्त्रीय नाव : प्युनिका ग्रॅनेटम) या फळझाडाच्या पेशीत साठवलेल्या संपूर्ण आनुवंशिक माहितीचे वाचन करणे, तिची मांडणी करणे आणि तिचा रोगनिदान, वाणांची ओळख व नव्या वाणांची निर्मिती यांसाठी उपयोग करणे होय. सजीवाच्या पेशीतील अशा संपूर्ण माहितीला जनुकसंच किंवा जीनोम असे म्हणतात. डाळिंबाच्या जनुकसंचाचे वाचन २०१७ पासून प्रसिद्ध होऊ लागले. भारतात या संशोधनाचे प्रमुख केंद्र सोलापूर येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र हे आहे.

जीवशास्त्रात एखाद्या सजीवाचा जनुकसंच उपलब्ध होणे म्हणजे त्या विषयाच्या सर्व अभ्यासकांना एक सामायिक साधन मिळणे होय. फळमाशीचा जनुकसंच २००० मध्ये आणि उंदराचा २००२ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर मेंदू व चेतासंस्था यांच्या संशोधनाला जी गती मिळाली, ती या सामायिकतेमुळेच. डाळिंबाच्या बाबतीत या साधनाला शास्त्रीय महत्त्वाबरोबरच तातडीचे आर्थिक महत्त्वही आहे. तेल्या आणि मर या दोन रोगांनी सोलापूर व परिसरातील डाळिंबबागांचे वारंवार मोठे नुकसान केले असून, तेल्याला पूर्णपणे दाद न देणारा व्यापारी वाण अद्याप शेतकऱ्याच्या हाती आलेला नाही.

सोलापूर आणि डाळिंब

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. येथील वार्षिक पाऊस साधारणपणे ५०० ते ६०० मिलिमीटर असून तो अनियमित असतो. हलकी, मुरमाड जमीन, कोरडी हवा आणि भरपूर सूर्यप्रकाश ही परिस्थिती बहुतेक फळपिकांना प्रतिकूल असली तरी डाळिंबाला मानवते. ठिबक सिंचनाचा प्रसार झाल्यावर सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, माळशिरस इत्यादी तालुक्यांत डाळिंबाची लागवड वाढली. ज्या माळरानावर पूर्वी ज्वारी-बाजरीचे बेभरवशाचे पीक येत असे, तेथे डाळिंबामुळे निर्यातक्षम फळ पिकू लागले. सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले.

डाळिंबाच्या झाडाला वर्षातून अनेकदा फुले येऊ शकतात. मात्र बागाईतदार पाणी तोडून झाडाला ताण देतात, पानगळ व छाटणी करतात आणि सोईचा एकच बहार धरतात. जून-जुलैमधील मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरमधील हस्त बहार आणि जानेवारी-फेब्रुवारीमधील आंबे बहार असे तीन बहार प्रचलित आहेत. बहाराची निवड बाजारभाव व पाण्याची उपलब्धता यांबरोबरच रोगाच्या प्रादुर्भावाचा विचार करूनही केली जाते.

प्रचलित वाण आणि त्यांचे नाते

महाराष्ट्रात पूर्वी आळंदी व मस्कत या प्रकारच्या डाळिंबांची लागवड होत असे. पुण्यातील गणेशखिंड येथे डॉ. जी. एस. चीमा यांनी आळंदी प्रकारातील रोपांमधून एक मऊ बियांचे झाड निवडले. १९३६ मध्ये त्याची 'जीबीजी-१' या नावाने नोंद झाली आणि १९७० मध्ये त्याला 'गणेश' हे नाव देण्यात आले. अनेक वर्षे 'गणेश' हा महाराष्ट्रातील प्रमुख वाण होता. त्याचे दाणे फिकट गुलाबी असतात. बाजारात गडद लाल दाण्यांना मागणी वाढल्यावर राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'गणेश' आणि रशियन गटातील 'गुले शाह रेड' यांचा संकर केला. या संकराच्या संततीतून 'मृदुला', 'आरक्ता' आणि 'भगवा' हे वाण निवडण्यात आले. यांपैकी 'भगवा' हा वाण आकर्षक रंग, जाड साल आणि दूरच्या वाहतुकीत टिकण्याची क्षमता या गुणांमुळे सर्वाधिक लोकप्रिय ठरला. निरनिराळ्या भागांत तो शेंदरी, केसर, अष्टगंधा, मस्तानी अशा नावांनीही ओळखला जातो.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे, महाराष्ट्रातील महत्त्वाचे तिन्ही लाल वाण एकाच जोडीची संतती आहेत. दुसरी म्हणजे, डाळिंबाची लागवड बियांपासून केली जात नाही. ती प्रामुख्याने गुटी कलमांनी किंवा ऊतिसंवर्धित रोपांनी होते. कलम हे आनुवंशिकदृष्ट्या मूळ झाडाची नक्कल असते. त्यामुळे शेकडो गावांमधील लक्षावधी झाडे आनुवंशिक दृष्टीने जवळपास एकच झाड असतात. या एकसारखेपणामुळे फळांचा दर्जा सारखा राहतो. परंतु एखाद्या रोगजंतूने एका झाडाचा प्रतिकार मोडला की तीच स्थिती सर्व बागांवर ओढवते. गव्हाच्या किंवा ज्वारीच्या शेतकऱ्याप्रमाणे पुढच्या हंगामात बियाणे बदलण्याचा मार्गही बागाईतदाराला नसतो, कारण बाग ही अनेक वर्षांची गुंतवणूक असते.

तेल्या आणि मर

तेल्या हा डाळिंबावरील जिवाणूजन्य करपा रोग आहे. झॅन्थोमोनास वंशातील एका जिवाणूमुळे तो होतो. या जिवाणूचे नाव दीर्घकाळ 'झॅन्थोमोनास ॲक्सोनोपोडिस, पॅथोव्हार प्युनिकी' असे होते. नव्या वर्गीकरणानुसार तो 'झॅन्थोमोनास सिट्री' या जातीत गणला जातो. भारतात या रोगाची पहिली नोंद १९५२ मध्ये दिल्ली परिसरात झाली. बराच काळ तो दुय्यम रोग मानला जात असे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्र व कर्नाटकातील डाळिंब पट्ट्यात त्याने उग्र रूप धारण केले.

रोगाची सुरुवात पानांवरील पाणीदार, तेलकट ठिपक्यांनी होते; त्यावरूनच 'तेल्या' हे नाव रूढ झाले. फळांवर काळपट डाग पडतात आणि त्या डागांमधून साल उकलते. आतील दाणे चांगले असले तरी असे फळ बाजारात विकले जात नाही. उबदार हवा व दमटपणा जिवाणूच्या वाढीस पोषक ठरतो. पावसाच्या थेंबांबरोबर उडणारे जंतू, छाटणीची कात्री आणि रोगट झाडावरून घेतलेली कलमे ही प्रसाराची मुख्य माध्यमे आहेत. त्यामुळे मृग बहारात तेल्याचा धोका अधिक असतो व रोगग्रस्त भागात हस्त बहार धरण्याची शिफारस केली जाते.

मर रोगात झाडाची पाने पिवळी पडून गळतात आणि हळूहळू संपूर्ण झाड वाळते. सेराटोसिस्टिस फिम्ब्रिएटा ही बुरशी त्याचे प्रमुख कारण आहे. ही बुरशी खोड व मुळांतील जलवाहिन्यांमध्ये वाढते आणि पाण्याचा मार्ग बंद करते. सूत्रकृमी आणि खोडाला छिद्रे पाडणारे भुंगेरे यांमुळे तिचा शिरकाव सोपा होतो.

तेल्यावर बोर्डो मिश्रण व तांबेयुक्त औषधांची फवारणी, बागेची स्वच्छता, अवजारांचे निर्जंतुकीकरण आणि निरोगी रोपांची लागवड हे उपाय केले जातात. या उपायांनी रोग आटोक्यात ठेवता येतो. जंतू शिरलेल्या झाडातून तो समूळ काढून टाकता येत नाही. प्रतिजैविकांच्या फवारणीमुळे जिवाणूंमध्ये औषधांना न जुमानण्याची शक्ती निर्माण होण्याचा धोका असतो आणि त्याची झळ मानवी आरोग्यालाही पोहोचू शकते. या सर्व कारणांमुळे रोगप्रतिकारक वाण हाच टिकाऊ उपाय मानला जातो.

राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २००५ मध्ये सोलापूर येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची स्थापना केली. हे केंद्र सोलापूर-पुणे महामार्गावर केगाव येथे आहे. वाण सुधारणा, रोग व कीड नियंत्रण, ऊतिसंवर्धन, लागवडीच्या पद्धती आणि फळप्रक्रिया ही त्याची मुख्य कार्यक्षेत्रे आहेत.

केंद्राने विकसित केलेला 'सोलापूर लाल' हा संकरित वाण २०१७ मध्ये प्रसारित झाला. त्याच्या प्रति १०० ग्रॅम दाण्यांमध्ये ५.६ ते ६.१ मिलिग्रॅम लोह, ०.६४ ते ०.६९ मिलिग्रॅम जस्त आणि १९.४ ते १९.८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. 'गणेश' या वाणात हेच लोह २.७ ते ३.२ मिलिग्रॅम इतके आढळते. 'सोलापूर लाल'च्या वंशावळीत 'भगवा' व 'गणेश' यांच्याबरोबर 'नाना' हा ठेंगणा प्रकार आणि 'दारू' हे हिमालयाच्या उतारांवरील रानटी डाळिंब यांचाही समावेश आहे. लागवडीखालील वाणात नसलेले गुण रानटी नातेवाइकांकडून आणता येतात, याचे हे उदाहरण आहे.

नवा वाण तयार होण्यास लागणारा काळ

पारंपरिक पद्धतीने नवा वाण निर्माण करताना दोन झाडांचा संकर केला जातो, मिळालेल्या बियांपासून रोपे वाढवली जातात आणि त्यांतून इष्ट गुणांची झाडे निवडली जातात. डाळिंबाचे बियांपासून वाढवलेले रोप फळावर येण्यास काही वर्षे लागतात. फळाचा रंग, दाण्याचा मऊपणा, गोडी व टिकाऊपणा यांची परीक्षा त्यानंतरच करता येते, आणि हवामानाचा परिणाम वगळण्यासाठी ती अनेक हंगाम करावी लागते.

रानटी डाळिंबाशी केलेल्या संकरात आणखी एक अडचण येते. रोग सहन करण्याच्या गुणाबरोबर आंबटपणा, लहान फळ व कठीण बी हे नको असलेले गुणही संततीत उतरतात. ते दूर करण्यासाठी संततीचा पुन्हा पुन्हा चांगल्या वाणाशी संकर करावा लागतो. प्रत्येक फेरीत फळासाठी थांबावे लागल्यास एका वाणाच्या निर्मितीत संशोधकाच्या सेवाकाळाचा मोठा भाग खर्ची पडतो. जनुकसंच संशोधनाचा मुख्य उपयोग ही प्रतीक्षा कमी करणे हा आहे.

जनुकसंचाचे वाचन

आनुवंशिक माहिती डीएनए या लांब रेणूत साठवलेली असते. हा रेणू ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन व सायटोसीन या चार आधारकांच्या क्रमाने बनलेला असतो. चार अक्षरांच्या वर्णमालेत लिहिलेला ग्रंथ अशी त्याची कल्पना करता येईल. हा क्रम वाचण्याची पहिली व्यापक पद्धत फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. पुढील काळात एकाच वेळी कोट्यवधी तुकडे वाचणारी यंत्रे आली आणि वाचनाचा खर्च झपाट्याने घटला.

ही यंत्रे संपूर्ण गुणसूत्र सलग वाचत नाहीत. आधी डीएनएचे असंख्य तुकडे केले जातात, ते वाचले जातात आणि नंतर संगणकाच्या साहाय्याने एकमेकांवर जुळणारे भाग शोधून मूळ क्रम पुन्हा उभा केला जातो. एखाद्या पोथीच्या अनेक प्रती फाडून त्यांचे तुकडे मिसळावेत आणि त्या ढिगातून एक सलग पोथी जुळवावी, तसे हे काम असते. तुकडे आखूड असल्यास वारंवार येणाऱ्या सारख्या मजकुरापाशी जुळणी अडखळते. हजारो आधारकांचे लांब तुकडे वाचणाऱ्या नव्या पद्धतींनी ही अडचण बरीच दूर केली. केंद्रकात डीएनएचे कोणते भाग एकमेकांजवळ असतात हे दाखवणाऱ्या तंत्रामुळे जुळवलेले खंड योग्य गुणसूत्रावर योग्य क्रमाने बसवता येतात.

डाळिंबाचा जनुकसंच प्रथम चीनमधील संशोधकांनी वाचला. २०१७ मध्ये 'दाबेन्झी' या वाणाचा सुमारे ३२.८ कोटी आधारक-जोड्यांचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्यात २९,२२९ जनुके असल्याचा अंदाज वर्तवण्यात आला. २०१८ मध्ये 'ताइशानहोंग' आणि २०२० मध्ये मऊ बियांचा 'ट्युनिशिया' या वाणांचे आराखडे आले. 'ट्युनिशिया'चा सुमारे ३२ कोटी आधारक-जोड्यांचा आराखडा आठ गुणसूत्रांवर मांडलेला आहे. मानवी जनुकसंच सुमारे ३०० कोटी आधारक-जोड्यांचा असतो. त्या तुलनेत डाळिंबाचा जनुकसंच लहान असून अभ्यासास सुलभ आहे.

या आराखड्यांच्या आधारे फळाच्या गुणांमागील कारणे शोधता येऊ लागली. 'ट्युनिशिया'च्या अभ्यासात मऊ व कठीण बियांच्या वाणांची तुलना करण्यात आली आणि पहिल्या गुणसूत्रावरील एका मोठ्या भागात निवडीच्या खुणा आढळल्या. साखरेच्या वहनाशी संबंधित एक जनुक बियांच्या मऊपणाशी निगडित असावे, असे त्यावरून सुचवले गेले. त्यापूर्वी, २०१५ मध्ये, इस्रायलमधील संशोधकांनी पांढऱ्या डाळिंबाचे कोडे सोडवले होते. लाल रंगद्रव्याच्या निर्मितीस आवश्यक असलेल्या एका जनुकात डीएनएचा परका तुकडा घुसल्याने ते निकामी होते आणि त्यामुळे फळाला लाल रंग येत नाही, असे त्यांनी दाखवून दिले.

परदेशी वाणांचे आराखडे उपयुक्त असले तरी भारतीय बागांमधील झाडांत आढळणारे सर्व फरक त्यांत सापडत नाहीत. या कारणाने सोलापूरच्या केंद्राने 'भगवा' या वाणाच्या जनुकसंचाचे वाचन हाती घेतले व गुणसूत्रांच्या पातळीवर जुळवलेला आराखडा तयार केला. भारतीय वाणांची परस्परांशी आणि रानटी डाळिंबाशी तुलना करण्यासाठी तो संदर्भ म्हणून उपयोगी पडतो.

रेणवीय चिन्हके

प्रत्येक रोपाचा संपूर्ण जनुकसंच वाचणे व्यवहार्य नसते. त्याऐवजी जनुकसंचातील काही ठरावीक जागा तपासल्या जातात. ज्या जागी झाडाझाडांत फरक आढळतो आणि जो फरक प्रयोगशाळेत सहज ओळखता येतो, अशा जागेला रेणवीय चिन्हक म्हणतात.

डाळिंबात सर्वाधिक वापरली गेलेली चिन्हके 'एसएसआर' या प्रकारची आहेत. डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा गट लागोपाठ अनेकदा येतो. एका वाणात तो दहा वेळा, तर दुसऱ्यात चौदा वेळा आलेला असू शकतो. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये कल्पिलेल्या पीसीआर तंत्राने एवढ्याच भागाच्या असंख्य प्रती तयार करता येतात आणि त्यांची लांबी मोजून वाणांमधील फरक ओळखता येतो. सोलापूर केंद्रातील संशोधकांनी प्रसिद्ध जनुकसंचांमधून अशी चिन्हके मोठ्या संख्येने शोधली. 'ट्युनिशिया'च्या आराखड्यावर आधारित, प्रत्येक गुणसूत्रावरील ठळक फरक दाखवणाऱ्या चिन्हकांचा त्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या चिन्हकांचे मुख्य उपयोग पुढीलप्रमाणे सांगता येतात.

वाणाची ओळख : डाळिंबाची रोपे लहान असताना वाण नुसत्या डोळ्यांनी ओळखणे अवघड असते. रोपवाटिकेतून आणलेले रोप सांगितलेल्या वाणाचेच आहे की नाही, हे फळे येईपर्यंत शेतकऱ्याला कळत नाही आणि तोपर्यंत काही वर्षांचा खर्च होऊन गेलेला असतो. पानाच्या लहानशा तुकड्यावरून चिन्हकांच्या साहाय्याने ही पडताळणी लागवडीपूर्वी करता येते. निरनिराळ्या नावांनी ओळखली जाणारी झाडे एकाच वाणाची आहेत काय, याचाही उलगडा होऊ शकतो.

संकराची खात्री : संकरातून मिळालेले रोप खरोखर दोन्ही जनकांचे आहे, की स्वपरागणातून निर्माण झाले आहे, हे रोपावस्थेतच समजते.

गुणांचा नकाशा : एखाद्या संकराच्या संततीत कोणते चिन्हक कोणत्या गुणाबरोबर वारंवार आढळते, हे तपासून त्या गुणाचे जनुक गुणसूत्राच्या कोणत्या भागात असावे याचा अंदाज बांधता येतो. इस्रायलमध्ये 'नाना' आणि 'ब्लॅक' या प्रकारांच्या संततीवरून २०१५ मध्ये फळाच्या गुणांचा असा नकाशा तयार करण्यात आला.

रोपावस्थेतील निवड : असा संबंध निश्चित झाल्यावर संततीतील रोपांची निवड फळे येण्यापूर्वीच करता येते. नको असलेली रोपे सुरुवातीलाच वगळल्याने जमीन, पाणी व वेळ वाचतो. कोरडवाहू भागातील संशोधन प्रक्षेत्रासाठी पाण्याची ही बचत लहान नाही.

रोगजंतूचा अभ्यास

झाडाइतकाच त्याच्या शत्रूचा जनुकसंच महत्त्वाचा असतो. तेल्याच्या जिवाणूच्या जनुकसंचाचा मसुदा चंदीगड येथील सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. भारतातील डाळिंबावरून वेगळा केलेला आणि बेल्जियममधील गेंट येथील संग्रहात जपलेला 'एलएमजी ८५९' हा नमुना त्यासाठी वापरण्यात आला. या जिवाणूचा जनुकसंच सुमारे ५० लाख आधारक-जोड्यांचा आहे. रोगजंतूंचे जुने नमुने जपणारे संग्रह संशोधनाला किती उपयुक्त असतात, हे यावरून दिसून येते.

हा जिवाणू सूक्ष्म सुईसारख्या रचनेद्वारे आपली काही प्रथिने वनस्पतीच्या पेशीत सोडतो. ही प्रथिने पेशीची संरक्षण यंत्रणा दुबळी करतात. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी अनुसंधान संस्थेतील अभ्यासात 'झॉप-एन' या प्रथिनाचे जनुक निकामी केल्यावर डाळिंबाच्या पानांत जिवाणूची वाढ मंदावल्याचे आढळले. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोगजंतू नेमका कोणत्या मार्गाने झाडाला नमवतो हे समजल्यास तो मार्ग अडवणारे जनुक झाडात शोधणे सोपे जाते.

जिवाणूच्या विशिष्ट जनुकावर आधारित पीसीआर चाचण्याही विकसित झाल्या आहेत. लक्षणे दिसण्यापूर्वीच मातृवृक्षातील किंवा कलमातील जंतू ओळखण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. रोगाचा प्रसार मुख्यतः रोपांमधून होत असल्याने रोपवाटिकेच्या पातळीवर केलेली तपासणी एका बागेपुरती न राहता संपूर्ण परिसराच्या हिताची ठरते.

जननद्रव्य संग्रह

जनुकसंच वाचण्याची यंत्रे फरक शोधून देतात. फरक निर्माण करत नाहीत. उपयुक्त जनुक अस्तित्वात असेल तरच ते सापडते. यासाठी निरनिराळे देशी-विदेशी वाण, स्थानिक प्रकार आणि रानटी डाळिंब यांची जिवंत झाडे एका ठिकाणी जपली जातात. अशा संग्रहाला प्रक्षेत्र जनुकपेढी म्हणतात. सोलापूरच्या केंद्रात अशी जनुकपेढी असून तीत शेकडो नमुने आहेत. हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर व उत्तराखंड येथील डोंगरउतारांवर वाढणारे 'दारू' या नावाचे रानटी डाळिंब त्यांत विशेष महत्त्वाचे आहे. त्याची फळे अतिशय आंबट असून दाणे वाळवून अनारदाना तयार केला जातो. त्यातील काही नमुन्यांमध्ये तेल्या सहन करण्याची शक्ती आढळते.

डाळिंबाच्या वंशात प्युनिका ग्रॅनेटमखेरीज केवळ एकच जाती ज्ञात आहे. प्युनिका प्रोटोप्युनिका ही जाती येमेनजवळच्या सोकोत्रा बेटापुरती मर्यादित आहे. गहू किंवा भात यांच्याप्रमाणे डाळिंबाला अनेक रानटी नातेवाईक नसल्याने रानटी डाळिंबाचे प्रत्येक झाड संशोधनाच्या दृष्टीने मोलाचे ठरते. जंगलतोडीमुळे किंवा दुर्लक्षामुळे एखादा प्रकार नष्ट झाल्यास त्यातील जनुके पुन्हा मिळवण्याचा मार्ग उरत नाही.

जनुक-संपादन

जिवाणूंच्या नैसर्गिक संरक्षण यंत्रणेवर आधारित 'क्रिस्पर-कॅस९' हे तंत्र २०१२ मध्ये पुढे आले. त्याच्या साहाय्याने डीएनए ठरवलेल्या जागी कापता येतो आणि तेथील क्रमात बदल घडवता येतो. या शोधासाठी इमॅन्युएल शार्पेंटिए व जेनिफर डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

डाळिंबावर या तंत्राचा यशस्वी प्रयोग २०१९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केला. सालीतील तुरट द्रव्यांच्या निर्मितीशी संबंधित दोन जनुके त्यांनी एकाच वेळी निकामी केली. हा प्रयोग प्रयोगशाळेत वाढवलेल्या मुळांवर केलेला होता. संपादित पेशीपासून फळ देणारे संपूर्ण झाड वाढवणे हा त्यापुढील अधिक कठीण टप्पा आहे.

भारतात मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने परके जनुक नसलेल्या काही प्रकारच्या जनुक-संपादित वनस्पतींना जनुकीय परावर्तित पिकांसाठीच्या काही कठोर तरतुदींमधून सूट दिली. मे २०२५ मध्ये भाताचे दोन जनुक-संपादित वाण जाहीर करण्यात आले. अशा संपादनासाठी कोणते जनुक बदलायचे हे आधी निश्चित असावे लागते आणि त्यासाठी पीकनिहाय जनुकसंच उपलब्ध असणे ही पूर्वअट आहे.

सामायिक विदागारे

वाचलेले जनुकसंच सार्वजनिक विदागारांत (माहितीच्या संग्रहांत) ठेवण्याची प्रथा जीवशास्त्रात रूढ आहे. 'जेनबँक' हे असे विदागार १९८२ पासून कार्यरत आहे. भारतात फरिदाबाद येथे २०२२ मध्ये भारतीय जैविक विदा केंद्राचे उद्घाटन झाले. चीनमध्ये वाचलेल्या जनुकसंचावरून सोलापुरात चिन्हके शोधता आली, ती या खुल्या व्यवस्थेमुळेच. अशा विदागारांमुळे महागडी यंत्रे नसलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही संगणक व इंटरनेट यांच्या साहाय्याने जनुकसंचाचा अभ्यास करता येतो.

मर्यादा

जनुकसंच उपलब्ध झाल्याने रोगप्रतिकारक वाण आपोआप तयार होत नाही. रोग सहन करण्याची शक्ती बहुधा एका जनुकावर अवलंबून नसते. अनेक जनुकांचा लहान-लहान वाटा आणि हवामानाचा प्रभाव मिळून ती घडते. एका संततीत उपयुक्त ठरलेले चिन्हक दुसऱ्या संततीत निरुपयोगी ठरू शकते. प्रयोगशाळेतील प्रत्येक निष्कर्षाची बागेत, पावसाळी हवेत आणि अनेक हंगामांत परीक्षा करावी लागते. रोगजंतूही स्थिर राहत नाही. आज प्रतिकारक असलेल्या वाणावर मात करणारा जिवाणूचा प्रकार पुढे निर्माण होण्याची शक्यता असते. म्हणून एकाच वाणावर संपूर्ण प्रदेशाने विसंबणे हा धोका नव्या वाणाच्या बाबतीतही कायम राहतो.

याशिवाय नव्या वाणाला बाजारपेठेने स्वीकारणे आवश्यक असते. रोगाला दाद न देणारे परंतु फिकट दाण्यांचे किंवा कठीण बियांचे फळ 'भगवा'ची जागा घेऊ शकत नाही. त्यामुळे रोगप्रतिकारशक्ती, फळाचा दर्जा आणि टिकाऊपणा या तिन्ही गुणांचा मेळ एका झाडात घालणे हे डाळिंब संशोधनापुढील प्रमुख आव्हान आहे. तोपर्यंत निरोगी रोपे, बहाराची योग्य निवड, बागेची स्वच्छता आणि अवजारांचे निर्जंतुकीकरण हेच तेल्या नियंत्रणाचे मुख्य उपाय आहेत.